सुटे स्थिर, जोडल्यावर काय? : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम असं ठरलं आहे: अनेक छोट्या रेषीय प्रणाली एकमेकींना जोडल्यावर जी मोठी प्रणाली तयार होते, ती स्थिर राहते का, म्हणजे धक्का बसल्यावर पुन्हा शांत होते का, हे सांगणारा प्रोग्राम लिहायचा. प्रत्येक उपप्रणालीचं स्वतःचं मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) असेल आणि कोणाकडून कोणाकडे किती जोर जातो हे सांगणारी जोडण्यांची मॅट्रिक्स वेगळी असतील.

पहिल्याच बैठकीत सहकाऱ्याने विचारलं, सगळं एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये भरून आयगेनव्हॅल्यू (प्रणालीच्या स्वाभाविक गती किती वेगाने वाढतात वा घटतात ते सांगणारे आकडे) काढल्या की झालं ना? सगळ्यांचे वास्तव भाग ऋण असले की स्थिर. प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. उपप्रणालीचे आकडे बहुधा चांगले माहीत असतात, कारण ती सुटी करून मोजता येते. जोडणीचे आकडे तसे हाती येत नाहीत. जोडण्या कमीजास्त होतात, उशिरा पोचतात, कधी तुटतात. मोठ्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू एका ठरावीक जोडणीबद्दल बोलते. आपल्याला जोडण्यांच्या एका पूर्ण पट्ट्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवातीचं उदाहरण शक्य तितकं छोटं घेतलं. दोन उपप्रणाली, प्रत्येकीत एकच अवस्था (वेळेनुसार बदलणारी राशी), प्रत्येकीचा आकडा उणे १. सुट्या असताना दोन्ही शून्याकडे येतात. दोघींमध्ये दोन्ही बाजूंनी २ ची जोडणी दिली की आयगेनव्हॅल्यू उणे ३ आणि अधिक १ होतात. अधिक १ म्हणजे दर सेकंदाला सुमारे २.७२ पट वाढ. दोन स्थिर वस्तूंपासून अस्थिर वस्तू बनायला एवढं पुरतं.

९ जानेवारी

माहिती कोणत्या रूपात ठेवायची यावर आज निर्णय झाला: अवस्था-रूप, म्हणजे आतल्या सगळ्या अवस्थांची समीकरणं. ट्रान्सफर फंक्शन (इनपुटवरून आउटपुट देणारा, स या चलातला अपूर्णांक) सोयीचं असतं, पण जोडणीत ते काही गोष्टी गिळून टाकतं.

कागदावर करून पाहिलेलं उदाहरण: पहिली उपप्रणाली १ भागिले (स − १), दुसरी (स − १) भागिले (स + २). एकामागे एक लावल्या की (स − १) वर-खाली कटतो आणि हाती उरतं १ भागिले (स + २), दिसायला अगदी निरोगी. अवस्था मांडल्या तर आयगेनव्हॅल्यू अधिक १ आणि उणे २ येतात. अधिक १ वाली गती आत वाढतच असते, फक्त बाहेरच्या आउटपुटमध्ये दिसत नाही. कागदावर कटलेला घटक यंत्रात कटत नाही, आणि आतला आकडा वाढत जाऊन एखादा भाग मर्यादेला टेकला की मग सगळ्यांना दिसतो. म्हणून तपासणी कायम पूर्ण अवस्थेवर करायची.

दुसरा मुद्दा थेट वाटेचा. काही उपप्रणालींमध्ये इनपुटचा काही अंश वेळ न घेता सरळ आउटपुटमध्ये येतो. अशा दोन प्रणालींचं लूप झालं आणि थेट अंशांचा गुणाकार बरोबर १ आला, तर समीकरण सुटतच नाही. प्रणाली स्थिर की अस्थिर हा प्रश्न त्या आधीच निकालात निघतो. गुणाकार ०.९९९ असेल तर समीकरण सुटतं, पण उत्तरात हजाराने गुणलेले आकडे येतात. त्यामुळे प्रोग्राम आधी १ वजा हा गुणाकार (अनेक वाटा असतील तर त्याच अर्थाचा निश्चयक) पाहील आणि तो शून्याच्या जवळ असेल तर तिथेच थांबून सांगेल.

१५ जानेवारी

मुख्य पद्धत निवडण्यासाठी जुनं काम वाचलं. ल्यापुनोव्हची १८९२ ची कल्पना सगळ्याच्या मुळाशी आहे: ऊर्जेसारखी एखादी राशी शोधा, जी प्रणाली चालू असताना सतत घटते, समीकरण सोडवायची गरज उरत नाही. मोठ्या प्रणालीसाठी अशी एकच राशी शोधणं जड जातं. १९६२ मध्ये बेलमन आणि मात्रोसोव्ह यांनी वेगवेगळं काम करून एकच वाट सुचवली: प्रत्येक उपप्रणालीला तिची स्वतःची राशी द्या आणि त्या राशींचा एकमेकींवर होणारा परिणाम पाहा. पुढे १९७० च्या दशकात शिल्याकने या विचाराला जोडण्या तुटण्याचा प्रश्न जोडला.

व्यवहारात ते असं उतरतं. प्रत्येक उपप्रणालीसाठी दोन गोष्टी काढायच्या: ती स्वतः किती वेगाने शांत होते, आणि दुसरी प्रत्येक उपप्रणाली तिला जास्तीत जास्त किती ढकलू शकते. पहिला आकडा उणे चिन्हासह कर्णावर लिहायचा, दुसरा धन चिन्हासह कर्णाबाहेर. दहा उपप्रणाली असतील आणि प्रत्येकीत पन्नास अवस्था असतील, तरी पाचशे बाय पाचशेचा प्रश्न दहा बाय दहाच्या तुलना-मॅट्रिक्सवर येतो. ते स्थिर असेल तर मूळ प्रणाली स्थिर.

कर्णाबाहेर कुठेही ऋण आकडा नसलेल्या अशा मॅट्रिक्सला मेट्झ्लर मॅट्रिक्स म्हणतात. लॉइड मेट्झ्लर अर्थशास्त्रज्ञ होता. एकमेकांत गुंतलेल्या बाजारपेठांच्या किमती स्थिरावतात का, हा त्याचा १९४५ मधला प्रश्न होता. नियंत्रणशास्त्राने वापरलेलं इतकं कामाचं हत्यार बाजाराच्या अभ्यासातून आलं याचा मला मनापासून आनंद वाटतो. प्रश्न एकच असतो, वस्तू बदलतात.

मेट्झ्लर मॅट्रिक्सची तपासणीही स्वस्त आहे. सगळे आकडे धन असलेला असा एक स्तंभ शोधायचा, ज्याला मॅट्रिक्सने गुणल्यावर प्रत्येक ओळीत ऋण उत्तर येतं. तो सापडला की मॅट्रिक्स स्थिर. मॅट्रिक्स स्थिर असेल तर तो सापडतोच. या स्तंभातल्या आकड्यांना आपण वजनं म्हणू.

२२ जानेवारी

आज पद्धतीला खऱ्या आकड्यांवर घासलं. दोन सारख्या उपप्रणाली, प्रत्येकीचा छेद स² + ३स + २, म्हणजे ध्रुव (छेद शून्य करणाऱ्या स च्या किमती) उणे १ आणि उणे २. एकीचं आउटपुट ग या गेनने (म्हणजे ग पट करून) दुसरीच्या इनपुटला, दुसरीचं त्याच गेनने पहिलीला. ग कुठपर्यंत चालेल?

खरं उत्तर हाताने निघतं. दोन्ही जोडण्या धन असतील तर मोठं बहुपद दोन वर्गसमीकरणांत फुटतं. त्यातल्या एकाचं अचल पद (स नसलेलं) २ − ग आहे, म्हणून मर्यादा ग = २. एक जोडणी धन आणि एक ऋण असेल तर मर्यादा ३ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ४.२४.

आता ल्यापुनोव्हच्या वाटेने. उपप्रणालीसाठी ल्यापुनोव्ह समीकरण (ज्यातून अशी घटती राशी मिळते) उजवीकडे उणे एकक मॅट्रिक्स घेऊन सोडवलं. उत्तर सुबक आलं: पहिल्या ओळीत १.२५ आणि ०.२५, दुसऱ्या ओळीत ०.२५ आणि ०.२५. याची मोठी आयगेनव्हॅल्यू १.३०९. त्यावरून शांत होण्याचा वेग निघतो ०.३८२. उपप्रणालीचा सर्वांत संथ ध्रुव उणे १ असताना पद्धत तिला ०.३८२ एवढंच श्रेय देते. जोडणीचा जोर ०.५ ग. दोन्ही मिळून हमी येते ग ०.७६ पर्यंत.

०.३८२ पाहून पहिला उपाय सुचतो तो निर्देशांक बदलण्याचा. ध्रुवांच्या दिशांना अक्ष मानलं की वेग पूर्ण १ मिळतो, एका झटक्यात अडीचपटीहून जास्त. पण त्याच अक्षांमध्ये जोडणीचा जोर ०.५ ग वरून २ ग होतो, चौपट. अक्षांची मापं कशीही कमीजास्त केली तरी २ च्या खाली येत नाही. निव्वळ हमी ग ०.५ पर्यंत, आधीपेक्षा कमी. हा निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. उपप्रणालीला एकटीला पाहून निवडलेली सर्वोत्तम राशी जोडणीच्या दृष्टीने सर्वोत्तम नसते. राशी निवडताना जोडणी कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते हे त्या समीकरणात असायलाच हवं.

तसं केलं की काय होतं तेही लगेच पाहिलं. या उपप्रणालीला कोणत्याही वारंवारतेची साइन लहर दिली तर ती जास्तीत जास्त अर्धी होऊन बाहेर येते. कमाल शून्य वारंवारतेला. झेम्सच्या १९६६ च्या लघु-गेन प्रमेयानुसार लूपभर फिरून येणारा एकूण गेन १ पेक्षा कमी असला की स्थिर. इथे तो ग/२ चा वर्ग आहे, म्हणून हमी ग २ पर्यंत. धन जोडण्यांसाठी हीच नेमकी मर्यादा. आणि या गेनशी जुळणारी ल्यापुनोव्ह राशीही अस्तित्वात असते, ती रिक्काटी प्रकारच्या समीकरणातून (ज्यात अज्ञात मॅट्रिक्स वर्गातही येतं) निघते.

एकाच वस्तूसाठी ०.५, ०.७६ आणि २, आणि पलीकडे खरं उत्तर २ किंवा ४.२४. पहिल्या तीन आकड्यांतला फरक पद्धतीच्या निवडीचा आहे, तो कष्ट करून भरून काढता येतो. शेवटच्या दोनांतला फरक वेगळ्या जातीचा आहे, तो चिन्हाचा.

२३ जानेवारी

रिक्काटीची वाट मुख्य म्हणून प्रोग्राममध्ये घातली. एकक मॅट्रिक्सवाली साधी वाट जलद पहिल्या चाळणीसाठी ठेवली.

२ फेब्रुवारी

चिन्हाचा प्रश्न नीट पाहण्यासाठी रिंग घेतली. एकाच अवस्थेच्या उपप्रणाली, प्रत्येकीचा कालस्थिरांक (शांत होण्याचं वेळमाप) १ सेकंद, पहिली दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, शेवटची परत पहिलीला. लूपभरच्या गेनांचा गुणाकार क.

तीन उपप्रणाली आणि फीडबॅक धन असेल तर (स + १) चा घन बरोबर क. सर्वांत उजवं मूळ उणे १ अधिक क चं घनमूळ, म्हणून क १ पेक्षा कमी हवा. लघु-गेनही तेच सांगतो. फीडबॅक ऋण केला की (स + १) चा घन बरोबर उणे क. आता मुळं ६० अंशांनी वळतात, आणि घनमूळाचा फक्त अर्धा भाग वास्तव दिशेला येतो. मर्यादा क = ८. चाचणी मर्यादा १ सांगते, वस्तुस्थिती ८.

साखळी लांब केली की मर्यादा कशी बदलते हे पाहताना आजचा दिवस सार्थकी लागला. न उपप्रणालींच्या ऋण रिंगसाठी मर्यादा आहे सेक(१८०° भागिले न) चा न-वा घात. दोघींच्या रिंगला मर्यादाच नाही, कितीही गेन चालतो. तिघींना ८, चौघींना ४, पाच जणींना २.८९, सहा जणींना २.३७, दहा जणींना १.६५, वीस जणींना १.२८, शंभर जणींना १.०५.

कारण उघड आहे. एकेक उपप्रणाली लहरीला जास्तीत जास्त ९० अंश मागे ओढू शकते, तेही गेन शून्याला जाऊन. लूपमध्ये १८० अंश गोळा झाले की ऋण फीडबॅक धन होतो. दोघींना ते अनंत वारंवारतेलाच जमतं, जिथे गेन उरलेलाच नसतो. तिघींनी प्रत्येकी ६० अंश दिले की झालं, आणि ६० अंशांना प्रत्येकीचा गेन अर्धा होतो, म्हणून ८. शंभर जणींना प्रत्येकी १.८ अंश पुरतात, तिथे गेन जवळजवळ पूर्ण शाबूत असतो. रिंग लांबत गेली की चिन्हाचा फायदा विरघळतो आणि लघु-गेनचा १ हाच खरा आकडा होत जातो. लांब रिंगमध्ये चिन्हाच्या भरवशावर गेन वाढवायचा नाही, हे प्रोग्रामच्या सूचनांमध्ये जायला हवं.

या निकषाला सिकंट निकष म्हणतात. टायसन आणि ऑथमर यांनी १९७८ मध्ये पेशींतल्या रासायनिक क्रियांच्या साखळ्यांसाठी तो मांडला. शेवटचा पदार्थ पहिल्या पायरीला रोखतो, ही ऋण रिंगच. २००६ मध्ये अर्कॅक आणि सोंटॅग यांनी दाखवलं की याच मर्यादेत प्रत्येक उपप्रणालीची वेगळी राशी घेऊन त्यांची भारित बेरीज घटती ठेवता येते. म्हणजे उपप्रणालीनिहाय विचार करूनही चिन्ह वापरता येतं, फक्त नॉर्म (चिन्हाविना नुसतं माप) घेऊन ते पुसून टाकायचं नाही.

४ फेब्रुवारी

कालस्थिरांक सारखे नसतील तर? सिकंट निकष तेव्हाही हमी देतो, पण खरी मर्यादा वर जाते. राऊथच्या कोष्टकाने (मुळं न काढता स्थिरता तपासण्याची रीत) तिघींची रिंग तपासली. १, १ आणि १० सेकंद असताना मर्यादा २४.२. १, १० आणि १०० असताना १२२. सगळे कालस्थिरांक एकसारखे असणं ही सर्वांत वाईट अवस्था, कारण तेव्हा सगळ्या जणी एकाच वारंवारतेला मिळून मागे ओढतात. एक उपप्रणाली मुद्दाम संथ ठेवून बाकीच्या चपळ ठेवणं हा जुना कारागिरीचा नियम इथून सरळ निघतो.

९ फेब्रुवारी

सहकाऱ्याचं आज म्हणणं पडलं: "तुझी चाचणी फार कंजूष आहे. ८ पर्यंत चालणाऱ्या रिंगला १ वरच अडवते. वापरणारा वैतागेल." यावर माझं उत्तर तयार होतं, कारण सकाळीच खालचं उदाहरण करून झालं होतं.

तीन उपप्रणाली, प्रत्येकीचा आकडा उणे १. पहिली आणि दुसरी यांच्यात दोन्ही बाजूंनी अधिक २. तिसरीकडून पहिलीकडे अधिक ३, पहिलीकडून तिसरीकडे उणे ३. दुसरी आणि तिसरी यांच्यात काही नाही. आयगेनव्हॅल्यू: उणे १, आणि उणे १ अधिक-उणे २.२४ काल्पनिक. उत्तम स्थिर. सुट्या असताना तिघीही स्थिर.

आता पहिली आणि तिसरी यांच्यामधल्या दोनपैकी कोणतीही एक जोडणी काढा. नवीन काही जोडलेलं नाही, कोणताही गेन वाढवलेला नाही, एक तार फक्त निघाली. आयगेनव्हॅल्यू होतात उणे ३, उणे १ आणि अधिक १. प्रणाली उडाली.

पहिली-दुसरीची जोडी मुळातच अस्थिर होती, ६ जानेवारीचीच ती जोडी. तिसरी तिला धरून होती. पूर्ण मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंमध्ये या अवलंबनाचा मागमूस नाही. तुलना-मॅट्रिक्स मात्र चिन्हं पुसून पाहतं, त्याची सर्वांत उजवी आयगेनव्हॅल्यू अधिक २.६१ येते आणि चाचणी नकार देते. हा नकार कंजूषपणातून आलेला नाही. चाचणीला विचारलेला प्रश्नच वेगळा आहे: जोडण्या दिलेल्या कमाल मापापर्यंत काहीही असोत, पूर्ण, अर्ध्या, तुटलेल्या, उलट्या चिन्हाच्या, तरी प्रणाली टिकेल का? शिल्याक याला जोडणीगत स्थिरता म्हणतो.

एकाच अवस्थेच्या उपप्रणालींसाठी या प्रश्नाचं चाचणीचं उत्तर नेमकं आहे. तुलना-मॅट्रिक्स स्थिर असेल तर सगळ्या परवानगी असलेल्या जोडण्यांना प्रणाली स्थिर. ते अस्थिर असेल तर सगळ्या जोडण्या धन आणि पूर्ण जोरात हा परवानगीतलाच एक प्रसंग आहे, आणि तोच बिघडवतो. कुठेही ढिलाई नाही.

सहकारी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. "मग अहवालात दोन्ही उत्तरं छापू," असं तोच म्हणाला. मान्य.

१३ फेब्रुवारी

विलंबाची तपासणी. तिघींची ऋण रिंग पुन्हा घेतली, क = ५, मर्यादा ८ पासून चांगली लांब. लूपचा गेन १ वर येतो तेव्हा वारंवारता १.३९ रेडियन प्रति सेकंद, आणि फेज (लहरीचं मागेपुढे असणं) १६२.६ अंश मागे. उरलेली शिल्लक १७.४ अंश. त्या वारंवारतेला एवढी फेज खायला ०.२२ सेकंदाचा विलंब पुरतो. कालस्थिरांकाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी वेळ निरोप अडकला, की ५ वर आरामात चालणारी प्रणाली डोलायला लागते आणि डोलणं वाढत जातं.

क १ च्या खाली असेल तर कोणताही विलंब तिला अस्थिर करू शकत नाही. एक सेकंद असो वा एक तास. विलंब फक्त फेज बदलतो, गेनला हात लावत नाही, आणि गेन १ ला पोचतच नसेल तर फेजने काय होणार? तुलना-मॅट्रिक्सची हमीही अशीच विलंबाला बधत नाही.

आता माझ्यापुरतं चित्र स्पष्ट झालं. १ आणि ८ यांच्यामधलं अंतर ही वाया गेलेली जागा नव्हे. ८ पर्यंत जायचं असेल तर चिन्ह कायम राहील, तार तुटणार नाही आणि निरोप वेळेवर पोचेल या तीन गोष्टींची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. प्रोग्रामने ती जबाबदारी कोणाकडे आहे हे विचारायला हवं. १ ते ८ च्या पट्ट्यात उत्तर "स्थिर" एवढंच छापलं तर तो वापरणाऱ्यावर अन्याय आहे.

१८ फेब्रुवारी

सगळ्या उपप्रणाली एकसारख्या असतील तर वेगळी, फार देखणी वाट आहे. फॅक्स आणि मरे यांच्या २००४ च्या कामात ती आहे: जोडण्यांच्या आलेखाचं लाप्लास मॅट्रिक्स (कोण कोणाशी जोडलेलं आहे हे मांडणारं) घ्या, त्याची एकेक आयगेनव्हॅल्यू उपप्रणालीत गेन म्हणून घाला, आणि तेवढ्या छोट्या प्रणाली स्वतंत्रपणे तपासा. हजार उपप्रणाली असल्या तरी प्रत्येक तपासणी एकाच उपप्रणालीच्या आकाराची. शिवाय उत्तर अचूक येतं, हमीत कुठेच काटछाट नाही.

एक प्रयोग तपशिलात लिहितो. प्रत्येक उपप्रणाली म्हणजे सरळ रेषेत सरकणारं एक वस्तुमान. ते शेजाऱ्याच्या स्थानाशी १ च्या आणि शेजाऱ्याच्या वेगाशी व च्या गेनने जुळवून घेतं. जोडण्या दुतर्फा असतील तर लाप्लास मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू वास्तव असतात, आणि व शून्यापेक्षा जरासा जास्त असला तरी सगळी वस्तुमानं एकत्र येतात. रिंग कितीही लांब असो.

जोडण्या एकतर्फी केल्या, म्हणजे प्रत्येकाने फक्त पुढच्याकडे पाहायचं, की आयगेनव्हॅल्यू संमिश्र होतात. हाताने सोडवलं: व हा कॉट(१८०° भागिले न) भागिले २ चं वर्गमूळ यापेक्षा जास्त हवा. चौघांना ०.७१, सहांना १.२२, दहांना २.१८, विसांना ४.४६, शंभरांना २२.५. चार वस्तुमानांवर तपासून व = १ ठेवला आणि तीच रचना सहांवर नेली, तर ती टिकत नाही. प्रत्येक वस्तुमान तेच आहे, प्रत्येक जोडणी तीच आहे. फक्त रिंग वाढली. छोट्या नमुन्यावर चाचणी करून मोठी रचना उभारणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं. प्रोग्राम आता एकसारख्या उपप्रणाली ओळखून ही वाट आपणहून घेतो, आणि संख्या वाढवत नेली तर मर्यादा कुठे ओलांडली जाते तेही काढतो.

२४ फेब्रुवारी

रिंग नसलेली सरळ साखळी वरवर सर्वांत सोपी. जोडण्या एकाच दिशेने, परत काही नाही. मोठं मॅट्रिक्स त्रिकोणी होतं आणि आयगेनव्हॅल्यू म्हणजे कर्णावरचे आकडे. गेन कितीही मोठे ठेवा, स्थिर. तुलना-मॅट्रिक्सही स्थिर म्हणतं, आणि दोघंही बरोबर आहेत.

तरी या उत्तराने समाधान होत नव्हतं, म्हणून तीस उपप्रणालींची साखळी घेतली. प्रत्येकीचा आकडा उणे १, प्रत्येक जोडणी २. सगळ्या आयगेनव्हॅल्यू उणे १. आता टोकापासून सुरुवातीला एक अगदी बारीक परतीची जोडणी कल्पिली. लूप पूर्ण झालं, आणि त्याचा गेन आहे २ चा एकोणतिसावा घात, म्हणजे ५३,६८,७०,९१२, गुणिले ती परतीची जोडणी. परतीची जोडणी धन असेल आणि सुमारे दोन अब्जांश एवढी जरी असेल, तरी गुणाकार १ च्या पुढे जातो आणि प्रणाली अस्थिर. प्रत्यक्ष यंत्रात इतकी गळती कुठून तरी होतेच. साठ उपप्रणाली घेतल्या तर लागणारी जोडणी संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या गोळाबेरजेपेक्षाही लहान होते. मग उपप्रणालींचा क्रम उलटसुलट करून दिलेल्या मॅट्रिक्सवर छापून आलेल्या आयगेनव्हॅल्यूंवर विश्वास ठेवायला आधारच राहत नाही.

इथे १५ जानेवारीची वजनं कामाला आली. तीसच्या साखळीसाठी स्तंभ शोधला तर प्रत्येक वजन पुढच्याच्या दुपटीहून मोठं लागतं, म्हणून पहिलं वजन शेवटच्याच्या ५३ कोटी पटींहून जास्त येतं. स्थिर आहे हे खरं, पण ते सिद्ध करायला इतकी तिरकस वजनं लागली हा इशारा आहे. सर्वांत मोठं भागिले सर्वांत लहान वजन, हा एक आकडा पाहिला की परतीच्या जोडणीला किती जागा आहे याचा अंदाज येतो. तुलना-मॅट्रिक्स सोडवताना वजनं निघतातच, वेगळा खर्च नाही.

२७ फेब्रुवारी

अहवालाचा नमुना पक्का झाला. प्रत्येक प्रणालीसाठी चार ओळी: दिलेल्या जोडण्यांना आयगेनव्हॅल्यू काय म्हणतात; चिन्ह बदलणं, तुटणं आणि विलंब गृहीत धरून हमी आहे का; नसेल तर कोणती एक जोडणी काढल्यावर प्रणाली अस्थिर होते, नावासकट; आणि वजनांचं गुणोत्तर, दहाच्या घातात. तिसऱ्या ओळीसाठी एकेक जोडणी काढून पूर्ण आयगेनव्हॅल्यू पुन्हा काढाव्या लागतात. मोठ्या जाळ्यात हे जड पडतं, म्हणून आधी तुलना-मॅट्रिक्सच्या लूपांमधून संशयित जोडण्या निवडायच्या आणि तेवढ्याच तपासायच्या.

दोन जोडण्या एकाच वेळी तुटण्याची तपासणी यात बसत नाही. जोड्यांची संख्या जोडण्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. ती पुढच्या टप्प्यात. तोपर्यंत दुसरी ओळ "हमी आहे" म्हणत असेल तर दोन काय, कितीही तुटल्या तरी चालतं, हे अहवालाच्या तळाशी एका वाक्यात छापायचं ठरलं.